लहान लॅपटॉपची पारख

हळदीची पट्टी हाती पडली, किंवा महाविद्यालयातील प्रवेशाचे दिवस जवळ आले, म्हणजे आमच्या जवळा बाजारात आणि भोवतालच्या गावांत एक प्रश्न हटकून निघतो : पंधरा-अठरा हजारांत मिळणारा तो लहान लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा? आमचे गाव नावाप्रमाणे बाजाराचे. येथे दात पाहिल्यावाचून बैलाचे दावे कोणी हाती धरीत नाही, आणि कांडी मोडून आतला रंग पाहिल्यावाचून हळदीचा भाव कोणी बोलत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ही सारी पारख कोठे जाते कोण जाणे! दुकानदार दोन आकडे सांगतो, घेणारा मान डोलावतो, खोके घरी येते. आणि वर्षाच्या आत एका घरी ती वस्तू कपाटावर धूळ खात पडलेली दिसते, तर दुसऱ्या घरी, ही नव्हती तेव्हा आपले कसे चालत होते, असे मंडळी म्हणू लागतात. दोन्ही प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि नवल असे की दोन्ही घरांतील यंत्र एकाच जातीचे होते.

तेव्हा यंत्रात काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते आपल्याला हवे होते काय, एवढे नीट पाहिले पाहिजे. आम्ही यंत्रविद्येतले नव्हेत. आमचे आयुष्य मुलांना रूपे व समास शिकविण्यात गेले. परंतु व्याकरणशास्त्रातील एक कल्पना येथे उपयोगी पडेल असे वाटते. ती कल्पना म्हणजे लाघव. पाणिनीने उभ्या संस्कृत भाषेचे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसविले, आणि अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो अशी त्या मंडळींची ख्याती आहे. पण अष्टाध्यायी लहान झाली ती काही गाळल्यामुळे नव्हे. एकदा उच्चारलेले पद पुढील सूत्रांत आपोआप चालू राहावे, एका अक्षराने दहा वर्णांचा बोध व्हावा, अशी योजना करून ती लहान केलेली आहे. याच्या उलट परीक्षेच्या आधल्या आठवड्यात मुले विकत आणतात ती चोपडी. तीही लहानच, पण ती धड्यातील अवघड तेवढे कापून लहान झालेली असते. लहान वस्तू हाती आली म्हणजे ती पहिल्या रीतीने लहान झाली की दुसऱ्या रीतीने, हे विचारावे. लॅपटॉपलाही हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

लाघवाच्या रीतीने लहान लॅपटॉप घडविण्याचा मोठा प्रयत्न एकदा झाला, आणि त्याचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपाँटे यांनी 2005 साली शंभर डॉलरांचा लॅपटॉप प्रत्येक गरीब मुलाच्या हाती देण्याची योजना जगापुढे मांडली. पुढे 'एक्सओ' या नावाने ते हिरवे-पांढरे यंत्र तयार झाले. त्याचा पडदा साडेसात इंचांचा, पण भर उन्हात वाचता येईल असा. कळफलक रबराच्या सलग पापुद्र्याखाली, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये. फिरणारी तबकडी नाही, पंखा नाही. आणि सर्वांत आम्हांला आवडलेली गोष्ट ही की, यंत्र शाळेतच उघडून दुरुस्त करता यावे म्हणून त्याच्या मुठीत जादा स्क्रू ठेवून दिलेले. रॅम अवघी 256 एमबी, आणि साठवण एक जीबी. आजच्या मुलांना हे आकडे ऐकून हसू येईल. पण मुलाच्या हातून काय काय होईल याचा विचार करून ते यंत्र लहान केलेले होते. शंभर डॉलरांचा शब्द मात्र पाळता आला नाही. 2007 च्या अखेरीस कारखान्यातून माल निघू लागला तेव्हा किंमत 188 डॉलरांच्या घरात गेली होती.

भारत सरकारच्या शिक्षणखात्याने 2006 सालीच ही योजना नाकारली होती. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, असे खात्याचे मत पडले. तरीही 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीच्या वीस-बावीस मुलांना ही यंत्रे मिळाली, आणि भारतातील या योजनेचा पहिला प्रयोग तेथे सुरू झाला. एका खोलीत चार इयत्ता आणि एक गुरुजी, ही स्थिती ज्याने अनुभवली आहे त्याला त्या प्रयोगाचे मोल वेगळे सांगावयास नको. गुरुजी पहिलीला बाराखडी सांगत असता चौथीच्या मुलांनी काय करावे, हा अशा शाळेचा जन्माचा प्रश्न असतो. त्या योजनेचे मुख्य सूत्र मात्र शाळेपुरते नव्हते. यंत्र शाळेचे नव्हे, मुलाचे. ते त्याने घरी न्यावे, असे ते सूत्र होते. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे आम्हांला त्याची गरज पडणार आहे.

मग मुले शहाणी झाली काय? पेरू देशात हीच यंत्रे मोठ्या संख्येने वाटण्यात आली, आणि तेथील 319 ग्रामीण शाळांची पाहणी करून आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गणितात व भाषेत मुलांची काही प्रगती झाल्याचे त्यांना आढळले नाही. सामान्य बुद्धिकौशल्याच्या कसोट्यांत थोडा लाभ दिसला, इतकेच. ज्या पालकांस लॅपटॉप घेतला की गुणपत्रिका सुधारेल असे वाटते, त्यांनी या एका वाक्यावर थोडा वेळ थांबावे. यंत्र हे पाटीसारखे आहे. पाटी नसेल तर अडते, हे खरे.

काटछाटीच्या रीतीचे उदाहरणही घरचेच आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा टॅबलेट मोठ्या समारंभाने पुढे आणला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता आणि विद्यार्थ्याला त्याहूनही स्वस्त मिळावयाचा होता. सात इंचांचा पडदा होता, पण बोट जोराने दाबल्याखेरीज तो जागा होत नसे, गती मंद, बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी. किंमत आधी ठरवून मग त्या किमतीत जे बसेल ते बसविले, म्हणजे असे होते. या दोहोंच्या मधला मार्ग तैवानच्या आसुस कंपनीने 2007 साली 'ई पीसी' काढून धरला. सात इंचांचे, एक किलोच्या आतले ते यंत्र जगभर इतके खपले की 'नेटबुक' हा शब्दच रूढ झाला. आणि पाच-सहा वर्षांतच टॅबलेट आल्यावर तो जातही राहिला. शब्द गेला, तरी ती जात गेलेली नाही. आज दुकानात पंधरा-अठरा हजारांना जे दाखवितात ते त्याच कुळातले आहे.

या आजच्या कुळात तीन घराणी आहेत, आणि दुकानदार ती सहसा उलगडून सांगत नाही. एकात विंडोज असते. दुसऱ्यात गूगलची क्रोम प्रणाली असते. तिसऱ्यात मोबाईलमधील अँड्रॉइडच अंगरखा बदलून बसविलेले असते. जुलै 2023 च्या अखेरीस जाहीर झालेले 'जिओबुक' हे या तिसऱ्या घराण्यातले. त्याची त्या वेळची किंमत 16,499 रुपये, वजन 990 ग्रॅम, पडदा 11.6 इंच, रॅम चार जीबी, साठवण 64 जीबी, आणि मोबाईलचे सिमकार्ड घालण्याची सोय. बाकीच्या दोन घराण्यांतील लहान यंत्रांचे आकडेही याच्याच आसपास असतात. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. परंतु वाणिज्य शाखेच्या मुलाने तिसऱ्या घराण्याचे यंत्र आणले आणि त्यावर टॅली चालेना म्हणून दुकानदाराशी भांडण केले, तर त्यात दुकानदाराची बाजू लंगडी असली तरी मुलाचे काम होत नाही ते नाहीच. टॅली विंडोजवर चालते. एमएससीआयटीच्या वर्गात बहुधा विंडोजच शिकविलेले असते. तेव्हा आधी काम सांगावे, मग घराणे विचारावे आणि किंमत त्यानंतर.

आता गुण. पहिला गुण वजनाचा, आणि तो आमच्यासारख्या गावात शहरापेक्षा मोठा आहे. येथून औंढ्याला, हिंगोलीला किंवा परभणीला रोज एसटीने जाणारी मुले आहेत. पुस्तके, डबा, पाण्याची बाटली यांवर दोन-सव्वादोन किलोचा लॅपटॉप, आणि तोही उभ्याने, म्हणजे पाठीचे हाल. एक किलोचे यंत्र पिशवीत आहे हे विसरता येते. दुसरा गुण विजेचा. या यंत्रांची बॅटरी साधारणतः चाळीस वॅट-तासांच्या आत-बाहेर असते. म्हणजे एक युनिट विजेत ती वीस-पंचवीस वेळा भरावी. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ती पाच-सहा तास सहज पुरते. भारनियमनाच्या दिवसांत याचे महत्त्व कोणास सांगावयास नको. वीज असेल तेव्हा भरून ठेवावे आणि नसेल तेव्हा वापरावे, हे आपण पाण्याच्या बाबतीत पूर्वीपासून करीत आलो आहोत. पुष्कळ लहान यंत्रांत पंखाही नसतो, त्यामुळे ती बोलत नाहीत. ज्या घरात एकाच खोलीत आजी झोपलेली असते आणि नात अभ्यास करीत असते, तेथे हा गुण लहान नव्हे.

साठवणीविषयी लोक फार घाबरतात. तेथे थोडा हिशोब करून पाहावा. देवनागरीतील एक चिन्ह ठेवावयास संगणकाला बहुधा तीन बाइट लागतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. ओवीत सत्तर-पंचाहत्तर चिन्हे धरली तरी अवघी ज्ञानेश्वरी दोन एमबींत मावते. म्हणजे 64 जीबीत एखाद्या गावाचे ग्रंथालय राहू शकेल. पण लग्नातील मिरवणुकीची मोबाईलवर काढलेली एक मिनिटाची चित्रफीत पन्नास-शंभर ज्ञानेश्वऱ्यांची जागा खाते! त्यात विंडोज स्वतःच पंचवीस-तीस जीबी व्यापून बसते, आणि तिचे अपडेट उतरावयास आणखी मोकळी जागा मागते. ती नसली की अपडेट अर्ध्यावर अडते व यंत्र रडतकढत चालू लागते. विंडोज 11 साठी कंपनीने जी किमान अट घातली आहे तीच मुळी चार जीबी रॅम व 64 जीबी साठवण अशी आहे. किमान अटीवर घेतलेले यंत्र पस्तीस गुणांवर पास झालेल्या मुलासारखे. पास खरा, पण पुढच्या इयत्तेत त्याचे कठीण. विंडोजचेच यंत्र घ्यावयाचे असेल तर आठ जीबी रॅम व 128 जीबी साठवण यांसाठी ऐपतीप्रमाणे थोडे अधिक द्यावे, कारण लहान यंत्रांत या दोन्ही गोष्टी बहुधा मुख्य पाटीवर डाग देऊन पक्क्या बसविलेल्या असतात. मागाहून वाढविता येत नाहीत. मुठीत जादा स्क्रू ठेवणाऱ्या एक्सओची आम्हांला येथे पुन्हा आठवण होते.

आता एका दोषाकडे वळतो. तो जाहिरातीत नसतो, आणि इंग्रजीत लिहिणारास जाणवतही नाही. तो कळफलकाचा. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट नावाची जी मांडणी आहे, आणि जिला 1991 च्या भारतीय मानकात स्थान मिळाले, ती वर्णमाला जाणणाऱ्याने रचली आहे हे पाहताक्षणी कळते. स्वर सारे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. अल्पप्राण साध्या कळीवर, आणि त्याचा महाप्राण शिफ्ट दाबून त्याच कळीवर : क तेथेच ख, ग तेथेच घ, त तेथेच थ, प तेथेच फ. मात्रा साधी, तर तोच स्वर स्वतंत्र हवा असल्यास शिफ्ट. 'दुसऱ्या'तील तो मराठी ऱ सुद्धा र च्याच कळीवर शिफ्टने मिळतो. ज्याने लहानपणी वर्णांची स्थाने व प्रयत्न पाठ केले आहेत त्याला ही मांडणी दोन-तीन आठवड्यांत हाताला बसते. विंडोजमध्ये व लिनक्समध्ये ती आधीपासून असते. वेगळे पैसे पडत नाहीत.

अडचण पुढेच आहे. या मांडणीत च आणि ट ही व्यंजने इंग्रजीतील अर्धविराम व अवतरणचिन्ह यांच्या कळींवर येतात. ज त्यांच्या वरच्या ओळीत, त्याच्या पलीकडे कंसाच्या कळीवर ड, आणि खाली तिरप्या रेघेच्या कळीवर य. म्हणजे उजव्या कडेची सारी वस्ती. अकरा इंचांच्या यंत्रात रुंदी वाचवावयाची झाली की कारागीर नेमक्या याच कडेच्या कळी बारीक करतो. कारण इंग्रजी लिहिणारा तेथे क्वचित जातो. पण मराठीत षष्ठीचा चा-ची-चे प्रत्यय प्रत्येक वाक्यात; आणि य वाचून 'आहे' सोडल्यास आपले फारसे काही चालत नाही. त्यात उजवी शिफ्टही काही यंत्रांत आखूड केलेली असते, आणि अ, आ, इ, ई हे स्वतंत्र स्वर उमटवावयास तीच लागते. परिणामी पान भरेपर्यंत करंगळी दुखून येते, आणि 'चा'च्या जागी काहीतरी भलतेच उमटते. म्हणून आमचा आग्रह असा की, मराठीत लिहिणाराने दुकानात यंत्राचा पडदा नव्हे, कळफलक आधी पाहावा. उभ्या उभ्या 'याच्या चटईच्या डाव्या टोकाजवळ' एवढे शब्द दहा वेळा लिहून पाहावेत. वाक्य निरर्थक आहे, पण कडेच्या साऱ्या कळी त्यात येतात. दुकानदार हसेल, हसू द्यावे. अक्षरे मात्र कळींवर इंग्रजीच छापलेली असतात. देवनागरीचे चिकटपत्र मिळते ते लावावे, किंवा महिनाभर तक्ता समोर ठेवावा.

दुरुस्तीविषयी थोडक्यात. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, आणि ती बदलावयास येथून परभणी किंवा नांदेड गाठावे लागते. अल्पपरिचित नावाचे यंत्र असेल तर तिचा जोड तेथेही मिळेलच असे नाही. आमच्या परिचयाच्या एका घरी एका यंत्राची एकच कळ निखळली. ती एकटी बसेना, सबंध वरचा पत्रा बदलावा लागेल असे उत्तर मिळाले, आणि त्याचा खर्च ऐकून मंडळी परत आली. तेव्हा त्याच पैशांत कचेरीतून निघालेले जुने मोठे यंत्र घ्यावे, असा एक पक्ष आहे. त्या पक्षात तथ्य आहे; तसल्या यंत्राची रॅम वाढविता येते, सुटे भाग मिळतात, कळी रुंद असतात. पण विंडोज 10 ला मिळणारा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि साधारणतः 2017 पूर्वीच्या यंत्रांवर विंडोज 11 रीतसर बसत नाही. तसले यंत्र घेतल्यास त्यावर लिनक्स घालून वापरण्याची तयारी हवी. लिनक्स फुकट आहे. लिब्रे ऑफिसही फुकट आहे आणि मराठीत मिळते. घरात हे जाणणारा एखादा तरुण असल्यास आम्ही जुन्याच यंत्राला कौल देऊ. नसल्यास नाही.

हे सारे जमेस धरूनही खरा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो यंत्राच्या पोटात नसून आपल्या घरात आहे. गेल्या जूनमध्ये गावातील एका एकत्र कुटुंबात याच विषयावर दोन दिवस खल झाला, आणि जुना शिक्षक म्हणून आम्हांलाही बोलावणे आले. घरात नऊ माणसे. थोरली नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. रोज एसटीने हिंगोलीला जाणे-येणे. लॅपटॉप हवा होता तो तिला. परंतु पैसे सामाईक, त्यामुळे मतेही सामाईक! आजोबांना, म्हणजे अण्णांना, पंचांग व प्रवचने पाहावयाची होती. धाकट्या काकांना शेताचे कागद व पीकविम्याचे अर्ज घरून भरावयाचे होते. चुलतभावाला काय हवे होते ते त्याने सांगितले नाही, पण पडदा किमान साडेपंधरा इंचांचा असावा असे त्याचे ठाम मत होते. थोरल्या काकांनी मुद्दा मांडला तो मात्र विचार करण्याजोगा होता. ते म्हणाले, "गुरुजी, आपल्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला ती लायगोची वेधशाळा व्हायची आहे. दोन हजार सहाशे कोटींचे काम, चार-चार किलोमीटरच्या भुजा. पोरीला उद्या तिथे जायची आस आहे, आणि आपण तिच्या हातात खेळण्याएवढे यंत्र द्यावे काय?"

वाचकांस ठाऊक असेलच की लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मान्यता दिली. दूर अंतराळात कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असता अवकाशात जी सूक्ष्म थरथर उठते ती टिपणे हे तिचे काम. काकांच्या प्रश्नातला अभिमान आम्हांला आवडला. पण अनुमान चुकीचे होते. अमेरिकेतील लायगोने टिपलेल्या लहरींच्या नोंदी आज कोणालाही पाहण्यास खुल्या आहेत, आणि त्यांवर हात बसविण्याचे पाठही. ते पाठ ब्राउझरमधून दूरच्या संगणकावर चालविता येतात. आकडेमोड तिकडे होते, आपल्या पडद्यावर फक्त उत्तर येते. त्याला मोठे यंत्र लागत नाही, अखंड नेट लागते, आणि ते आमच्या गावात रात्री दहानंतर बरे असते. अभियांत्रिकीची आरेखने किंवा चित्रपटाची जोडणी करावयाची असती तर आम्ही काकांच्या बाजूने बोललो असतो. मुलीला लिहावयाचे होते, वाचावयाचे होते, आणि पायथन भाषेत लहान लहान गणिते मांडावयाची होती.

येथे आम्हांला धनगरवाड्यावरील त्या शाळेचे सूत्र आठवले : यंत्र मुलाचे. आपल्या एकत्र कुटुंबांत पलंग, पंखा, गाडी सामाईक असते, आणि त्यात पुष्कळ गोडवाही आहे. पण सामाईक वस्तू शेवटी कोणाच्या हाती राहते, हे गृहिणींना आम्ही सांगावे असे नाही. अर्ज भरावयाचा तो दिवसा भरावा लागतो, क्रिकेटचा सामना संध्याकाळी असतो, अण्णांची प्रवचने पहाटे. आणि ज्या मुलीच्या नावाने वस्तू आली तिची पाळी सर्वांची निजानीज झाल्यावर. तीही ती तक्रार करीत नाही म्हणून. म्हणून आम्ही त्या घरी स्पष्ट मत दिले की लहानच घ्यावे, आणि ते तिचे असावे. लहान पडदा हा जो दोष सर्व जण सांगतात तोच येथे गुण आहे. अकरा इंचांवर सामना पाहावयास चौघे बसत नाहीत. काकांच्या अर्जांसाठी गावातील सेवाकेंद्र आहे, आणि अण्णांची प्रवचने मोबाईलवर उत्तम ऐकू येतात. चुलतभावाने आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती अजून आठवते. थोरल्या काकूंनी मात्र त्या वेळी प्रथमच तोंड उघडले, आणि "तिचा पासवर्ड तिच्याजवळच राहू दे," एवढेच त्या म्हणाल्या.

यंत्र आले. विंडोजचे, चार जीबी व 64 जीबीचे. अधिकाचे पैसे निघाले नाहीत. पहिल्या रविवारी चुलतभाऊ ते घेऊन ओसरीवर बसला, आणि अर्ध्या तासात परत ठेवून गेला. मुलीने कळींवर देवनागरीची चिकटपत्रे लावली आहेत; ड ची कळ बारीक आहे अशी तिची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. दिवाळीत अपडेट अडले तेव्हा पाहिले तो आत मावशीच्या लग्नाच्या चित्रफिती कोणीतरी भरून ठेवलेल्या. त्या तिने पेनड्राइव्हवर हलविल्या, जागा झाली, अपडेट उतरले. तो पेनड्राइव्ह सध्या अण्णांच्या देवघराच्या खणात असतो.